मंगळवारचा फोन

सैन्यातून परत आल्यापासून माझा धाकटा भाऊ घराचा उंबरठा ओलांडत नव्हता. खुर्ची भिंतीला टेकवायची, तोंड दाराकडे करायचं आणि बसून राहायचं. शेजारी कुणी दार आपटलं तरी हा टेबलाखाली. मी घरीच शिवणकाम करते, तर कात्रीसुद्धा हळू ठेवायची सवय लागली होती.

मग माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करणारी मंडळी आली. निम्म्यांना दर आठवड्याला समुपदेशक भेटणार, उरलेल्यांना कुणीच नाही, म्हणजे तुलना करता येते. चिठ्ठ्या टाकल्या आणि आमच्या वाट्याला 'कुणीच नाही' आलं. मी तिथेच भांडले. दोन पोरं तापाने फणफणलेली असताना एकाला औषध द्यायचं आणि दुसऱ्याकडे बघत बसायचं, हे कसलं शहाणपण? नियमच तसा आहे म्हणाले. मोजमापासाठी तेवढी एक मुलगी दर मंगळवारी फोन करणार होती.

तिचे प्रश्न ठरलेले. झोप लागली का, जेवलात का, बाहेर गेला होतात का. पहिल्या खेपेला भावाने तिन्हींना नाही म्हणून सांगितलं. पुढच्या मंगळवारी सकाळीच तो माळ्यावरून बूट काढताना दिसला. मी विचारलं, तर म्हणाला, "ती विचारणार ना आज. पुन्हा नाहीच कसं सांगू? आणि रिपोर्ट खोटा कसा देऊ?"

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. घामाने भिजला होता, पण गेला. मग पोस्टापर्यंत जायला लागला, मग भाजी आणायला. खुर्ची भिंत सोडून खिडकीपाशी, फोनजवळ आली. एकदा किडकी वांगी आणली म्हणून मी तोंड सोडलं, तर चक्क हसला. मला मशीन थांबवून डोळे पुसावे लागले.

वर्षाअखेरीस निष्कर्ष सांगायला नातेवाइकांना बोलावलं. गार हॉल, बिस्किटं, पडद्यावर दोन रेघा. मुख्य संशोधक म्हणजे अगदी गोडबोले गृहस्थ. मदत न मिळालेला गटही तितकाच सुधारला, म्हणाले. तेव्हा समुपदेशन केंद्र बंद करावं, अशी त्यांनी शिफारस केली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहिले.

"मदत मिळाली नाही असं कोण म्हणतं? दर मंगळवारी फोन येत होता."

"बाई, तो फक्त मोजण्यासाठी होता. त्याला मदत धरत नाहीत."

"तुम्ही धरत नसाल. माझा भाऊ धरत होता."

निदान तो फोन तरी चालू ठेवा, म्हणून मी विनवलं. प्रकल्प संपला, मुलीची नोकरीही संपली, आणि माझा मुद्दा पुढच्या संशोधनासाठी चांगला आहे म्हणे. एवढी शिकलेली माणसं, आणि माणसाने माणसाची चौकशी करणं यांच्या हिशेबात शून्य! लोक चहाकडे वळले.

घरी सांगायचा मला धीर झाला नाही. मंगळवारी त्याने दाढी केली, पोस्टापर्यंत फिरून आला आणि फोनजवळ बसला. अंधार पडायला लागला तेव्हा सांगावंच लागलं. तुम्ही सगळे सुधारलात, म्हणून बंद केलं म्हटलं.

तो पायातल्या बुटांकडे बघत राहिला.

"बाहेर जातो हे सांगायला नको होतं का गं, ताई?"

त्याने बूट काढले, खुर्ची उचलली आणि पुन्हा भिंतीला नेऊन टेकवली.