मेलेल्या झाडाची बादली

शाळेतलं कडुनिंबाचं रोप होळीच्या आधीच वाळलं. पण ते वाळलंच नाही असं धरून पुढे वाचावं. भोपाळजवळच्या मंडीदीपपलीकडच्या त्या गावातली अख्खी शाळा तसंच धरून चालली होती.

विहिरी आटल्या होत्या, हापसा नुसता खोकत होता, आणि टँकर आला की पहिली बादली रोपाची, असा भोपाळहून हुकूम होता. रोप कुणा मोठ्या माणसाच्या हातचं होतं. मुलांसाठी असा हुकूम नव्हता. मुलं कुणी समारंभानं लावलेली नव्हती.

सहावीतल्या कांचनला रोज इन्सुलिन टोचावं लागे. घरी फ्रिज नाही. डॉक्टर म्हणाले होते, बाटली मडक्यात ठेव, मडकं ओल्या वाळूत. पण घरात पाणी आलं की आई आधी पिण्याचं बघायची, मग वाळूचं. वाळूची पाळी कधी आलीच नाही. औषध नासलं आणि कांचन वर्गातच आडवी झाली, तेव्हा मंगला मॅडमनी तिचं मडकं रोपाच्या आळ्यात पुरलं आणि रोपाला पाणी घालायचं काम कायमचं तिला देऊन टाकलं. टोचायला ती सकाळ-संध्याकाळ शाळेत येई, रविवारीसुद्धा. अशी हजेरी गावात कुणाची नव्हती.

"झाडाला पण टोचत जा," वर्गातला पिंटू म्हणायचा. "अंगी लागेल."

"त्याला शुगर नाहीये. ते नुसतंच मेलंय."

दर महिन्याला रोपाचा फोटो भोपाळच्या वृक्षारोपण खात्यात जायचा. त्या दिवशी पिंटू कुठूनतरी हिरवी डहाळी आणून सुतळीनं बांधायचा. फोटो इतके आवडले, की त्या खात्याचे विनायक साहेब स्वतः बघायला आले. साहेब मूळचे नागपूरचे. मॅडमही मराठी, भोपाळहून येणाऱ्या; तिथल्या बरखेड्यात कुठं राहता, असं त्यांना मराठीत विचारता विचारता त्यांनी रोपाला हात लावला. डहाळी हातात आली, सुतळीसकट.

"हे तर मेलंय हो."

"थोडंसं," मॅडम म्हणाल्या.

कांचननं मडक्याचं झाकण काढलं. "साहेब, इथं माझं औषध आहे."

साहेब वाकले. "इन्सुलिन? मी पण घेतो." त्यांना खरंच वाईट वाटलं. "पण बेटा, मेलेल्या झाडाच्या नावावर पाणी देता येत नाही."

"मग पोरीच्या नावावर द्या," मॅडम म्हणाल्या.

"पोरी आमच्याकडे येत नाहीत. आमच्याकडे फक्त झाडं."

बादली बंद झाली. आळं तापलं. कांचननं मडक्यात हात घातला. बाटली कोमट लागली. रडायचाही तिला कंटाळा आला होता. मॅडमनी कोरा कागद पुढे केला. साहेबांना मराठी येतं, म्हणून तिनं शाळेची हिंदी सोडून घरच्या मराठीतच, चांगल्या अक्षरात लिहिलं:

"माननीय महोदय, आमच्या शाळेतील रोप मृत झाले, हे मान्य. तरी पाऊस पडेपर्यंत ते जिवंत समजण्यात यावे, ही नम्र विनंती. ते शक्य नसल्यास अर्जदारास रोप समजण्यात यावे."