परक्या बाईचा ‘ओऽऽ’

ही गोष्ट १९९४ सालची. एका इंग्रजी मालिकेतल्या आईला मी मराठी आवाज देत होते. ती मेली लेकीचं लग्न ठरलं तरी ‘ओऽऽ’ म्हणे आणि नवऱ्याने घर विकलं तरी ‘ओऽऽ’च. आमच्या लेखकाने सगळीकडे ‘अगंबाई’ लिहून हात झटकले होते.

ओठ काही जुळेनात. दिग्दर्शक वैतागला. “बाई, तिचं तोंड उघडं आणि तुमचं मिटलेलं. आता नाही जमलं, तर उद्यापासून दुसरीला बोलावतो.”

घर माझ्याच कमाईवर चालत होतं. पण सकाळपासून तेच दृश्य करून माझंही डोकं उठलं होतं. पडद्यावरचा नवरा घर विकल्याचं सांगू लागला आणि घरी ह्यांच्या थापा ऐकताना निघायचं तेच माझ्या तोंडून निघालं, “होऽऽ का.”

ओठ तंतोतंत जुळले. लेकीच्या लग्नालाही तेच चाललं, फक्त सूर बदलला.

पुढे दिग्दर्शक जाहिरातींत गेला. लेखक मरेपर्यंत सांगत राहिला की ते त्यालाच सुचलं होतं. ह्यांचं वय झालं, थापा मात्र चालू आहेत. मीही अजून तेवढंच म्हणते.