नकाशावरची तिथी

अठराशे शहाऐंशी साली आम्ही ठाण्याला राहायचो. खाडीकाठी नवा बांध घालून मिठागरं वाढवायची होती, आणि त्याची आखणी ह्यांच्याकडे आली होती. शे-दोनशे माणसांना काम मिळणार होतं. ह्यांनी बांधाची रेघ सरळ ओढली. रेघेत येणारी, खाडीच्या चिखलात वाढणारी तिवरांची झाडी तोडायची ठरली.

ठमाबाई त्याच खाडीकाठच्या गावची. आमच्याकडे मिठाची पाटी घेऊन यायची. ओटीवर पसरलेला नकाशा पाहून म्हणाली, "बाय, यात माझं भाताचं शेत कुठं?"

मी बोट ठेवलं. पुढे बांध, मग मिठागरं, मग तिचं शेत.

"आन् तिवरं?"

"ती काढणार. भरतीचं पाणी मोजून बांधाची उंची धरली आहे."

"मोजलं कंदी?"

नकाशावर तारीख होती, तिथी नव्हती. पण मला आठवत होतं. त्या दिवशी माझा अष्टमीचा उपास होता, आणि हे कोरड्या पायांनी परतले होते.

ठमाबाई पदर तोंडाला लावून हसली. "अष्टमीला भांग असतो, बाय, भरती चढतच नाय. दर्या तवा निजलेला. रावसायबांना सांग, त्याला आवसेला बघा. बांध फुटला तं माझं शेत कायमचं खारं व्हईल."

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं.

"आता मीठवाल्या बायका आखणी शिकवणार?"

"शिकवू देत की. अमावास्या परवा आहे."

हे गेले, आणि कमरेपर्यंत भिजून आले. जेवताना मी ताक वाढत होते. तेव्हा म्हणाले, "आखणीच्या खुंट्या पाण्याखाली दिसेनाशा झाल्या. तिवरांमागे मात्र पाणी संथ होतं."

दुसऱ्या दिवशी रेघ तिवरांच्या मागे सरकली आणि वळली. मिठागरं थोडी कमी झाली. शिवाय ठमाबाईचं अर्धं शेत मिठागरांत गेलं. ते मागायला हे स्वतः तिच्या दारात गेले, मीही गेले.

"अर्धं गोडं ऱ्हात असंल तं अर्धं घ्या," ती म्हणाली. "सगळं खारं झाल्यावर काय मीठ पेरू?"

पुढच्या श्रावणात मोठं उधाण आलं. बांधाची मातीसुद्धा हलली नाही. त्यानंतर ह्यांच्या प्रत्येक नकाशावर तारखेशेजारी तिथी असायची.

दिवाळीनंतर ठमाबाई आली ती नव्या तांदळाची पाटी घेऊन. पाटी अर्धीच भरलेली होती.

"शेत अर्धं, तं पाटी बी अर्धी," म्हणाली, आणि ओटीवर बसून तिनं माझ्याकडे पान मागितलं.