कलम सात: शेवट सांगू नये

डेन्मार्कमधल्या थिस्टेड गावच्या वाचनालयात झेरॉक्स मशीनच्या मागे एक खोली आहे. तिथे दर मंगळवारी दुपारी चार वाजता अद्भुत कादंबऱ्या वाचणाऱ्यांचा संघ भरतो. संघ म्हणजे अध्यक्ष गुद्रुन, खजिनदार पाले आणि सभासद एस्बेन. माणसं तीन, नियमावली चौदा कलमांची. या गावात दोन माणसं एकाच दिशेने चालायला लागली, की दुसऱ्या वळणावर त्यांची नियमावली तयार होते आणि तिसऱ्या वळणावर अध्यक्षपदावरून अबोला.

सगळ्यात कडक कलम सातवं. कोणत्याही कादंबरीचा शेवट संघात उच्चारायचा नाही. त्यामागे इतिहास आहे. अकरा वर्षांपूर्वी प्रेबेन नावाचा सभासद कॉफी ओतता ओतता सहज म्हणून गेला होता, "ती राणी काय, पाचव्या खंडात मरतेच." पाले तेव्हा चौथ्या खंडात होता. पाले गावची बस चालवतो. दुसऱ्या दिवशी त्याची बस एकाही थांब्यावर थांबली नाही. लोक हात करत राहिले आणि पाले समोर बघत राहिला. त्या आठवड्यात संघ फुटला. प्रेबेनचा संघ त्याच खोलीत बुधवारी भरतो आणि फक्त शेवटांवर बोलतो. त्यांची कॉफी जास्त चांगली असते अशी अफवा आहे. मंगळवारवाल्यांनी ती पिऊन पाहिलेली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

तेव्हापासून गुद्रुन जहाजावरची एक पितळी घंटा टेबलावर ठेवते. गुद्रुन चाळीस वर्षं करखात्यात होती. माणूस काय बोलून बसणार आहे, हे तिला त्याच्या आधी कळतं.

त्या मंगळवारी एस्बेनची पाळी होती. आपली सर्वांत आवडती मालिका आणायची, दहा मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. एस्बेन पवनचक्क्यांवर चढून त्यांना तेलपाणी करतो. वय एकतीस, बोलणं बेताचं. पण 'नऊ विहिरींचं राज्य'चे नऊही खंड त्याने सायकलच्या मागे गाडा जोडून वाऱ्यात ओढत आणले होते.

"आणि हा नववा," तो शेवटी म्हणाला. नवव्या खंडावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. "चार वर्षं झाली घेऊन. फोडला नाही."

"का?" गुद्रुनने रीत म्हणून विचारलं.

"संपेल ना मग."

पालेने इतक्या समजूतदारपणे मान हलवली, की एस्बेनला भरून आलं. पालेकडे असे बारा शेवटचे खंड होते. घरच्या कपाटात तो ते पाठ फिरवून ठेवतो, म्हणजे नजरानजर होत नाही. गुद्रुनकडे सात होते. जिल्ह्यात सगळ्यात जास्त वाचन असलेली माणसं ती हीच तीन, आणि तिघांत मिळून धड एक शेवट कुणाला माहीत नव्हता.

तेवढ्यात दार उघडलं आणि एक बाई आत डोकावली. चाळिशीची, रेनकोट ओला, हातात गाडीची किल्ली.

"फँटसीवाले तुम्हीच का? बाहेर सांगितलं, आत बसलेत, त्यांना सगळं माहीत असतं."

"बहुतेक सगळं," गुद्रुन म्हणाली. "ये, बस. क्रिंगल घे."

बाईने केकचा तुकडा घेतला आणि हातातच धरून ठेवला. तिचं नाव सिग्ने. तिचे वडील होल्गर, पूर्वी खाडीतल्या फेरीबोटीवर तिकिटं फाडायचे. तीन महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एक वाक्य तेवढं राहिलं.

"मी लहान असताना ते मला एक पुस्तक वाचून दाखवायचे. हे त्या पुस्तकातलं शेवटचं वाक्य आहे. आता चहा हवा असला तरी तेच म्हणतात, पाठ दुखली तरी तेच. नर्सला वाटतं वेड लागलंय. डॉक्टर म्हणते एखादा आठवडा, फार तर दोन." सिग्नेने किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ते जायच्या आत मला ते पुस्तक त्यांना वाचून दाखवायचंय. पण नाव आठवत नाही. कव्हर तेव्हाच फाटलेलं होतं. घर विकलं त्यात ते गेलं."

"शोधू," पाले म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. बस चालवताना असं काम कुठे मिळतं? "सुरुवात कशी होती?"

"सुरुवात नाही आठवत. मी रोज तिसऱ्या पानाला झोपायचे."

"मग मधलं?"

"मधलंही नाही. शेवटच्या दिवशी तेवढी दाढ दुखत होती म्हणून जागी होते. वाक्य वाचून बाबांनी पुस्तक मिटलं आणि खिडकीपाशी जाऊन कितीतरी वेळ उभे राहिले. म्हणून वाक्य पक्कं आठवतं. शेवट असा आहे, की—"

घंटा वाजली. सिग्नेच्या हातातून क्रिंगल पडलं.

"माफ कर," गुद्रुन म्हणाली. "शेवट नको. दुसरं काहीही सांग."

"दुसरं काही नाहीच माझ्याकडे!"

"प्राणी होता का एखादा?" एस्बेनने विचारलं.

सिग्नेने डोळे मिटून आठवलं. "बोकड होता बहुतेक."

इथे चूक झाली. बोकड म्हणताच पाले खुर्चीवरून अर्धा उठला. "बोकड! मग 'राखेचे रखवालदार'. बारा खंड. पण पहिल्यापासून नको सुरू करूस, चौथ्यापासून कर, मग दुसरा, मग—"

"पाले, मूर्खासारखं बोलू नकोस," गुद्रुन म्हणाली. "ज्या क्रमाने छापलं त्याच क्रमाने वाचायचं असतं. आणि बोकड म्हणशील तर 'डोंगराच्या पोटातली राणी'त बोलका बोकड आहे. तुझा नुसता चरतो."

"माझा चरतो? माझा बोकड सहाव्या खंडात राज्य करतो!"

"राज्य करतो, पण बोलतो का?"

एस्बेनलाही राहवलं नाही. नऊ विहिरींपैकी तिसरीत एक बोकड पडतो, हे त्याने सांगितलं. वीस मिनिटांत सिग्नेच्या मांडीवर तीन याद्या जमल्या: पन्नासेक खंड, दोन परस्परविरोधी क्रम आणि पालेने बसच्या तिकिटामागे काढलेला एक नकाशा.

"माझ्या बाबांना आठवडा उरलाय," सिग्ने हळू आवाजात म्हणाली. "मला एकच पुस्तक हवंय."

झेरॉक्स मशीन पलीकडे कुणाचे तरी कागद काढत राहिलं.

"आपण असं करू," पाले घसा साफ करून म्हणाला. "ज्याने ते पुस्तक वाचून संपवलंय, त्याने फक्त शेवट ऐकावा. त्याचं काही नुकसान नाही. बाकीच्यांनी बाहेर जावं."

"पण पुस्तक कोणतं, ते ऐकल्याशिवाय कळणार कसं?" एस्बेनने विचारलं.

"ऐकल्यावर कळेल."

"आणि न वाचलेलं निघालं तर?"

पालेने क्रिंगलचा आणखी एक तुकडा घेतला.

"नियम स्थगित करता येतो," गुद्रुन म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता, आणि ते जास्त वाईट वाटत होतं. "वार्षिक सभेत. तीन आठवडे आधी लेखी सूचना द्यावी लागते. सभा मार्चमध्ये असते." ऑक्टोबर चालू होता, हे कुणी बोललं नाही. "मी केला नाही गं हा नियम एकटीने. पालेचे हाल बघितले असतेस तर तूही केला असतास."

सिग्ने उठली, याद्या नीट घडी घालून खिशात ठेवल्या, आभार मानले आणि गेली. ती आभार मानून गेली, हेच एस्बेनला सहन होईना. तो मागोमाग उठला, नववा खंड का कोण जाणे हातातच राहिला, आणि झेरॉक्स मशीनपाशी त्याने तिला गाठलं.

"सांग," तो म्हणाला.

"काय?"

"शेवट. पटकन सांग, नाहीतर माझा धीर जाईल."

सिग्नेने त्याच्या हातातल्या प्लास्टिककडे पाहिलं. "तुमच्यात चालतं का हे?"

"नाही."

ती सावकाश म्हणाली, "आणि पलीकडच्या किनाऱ्यावर कुणीतरी दिवा लावला."

एस्बेन वाट बघत राहिला. काहीतरी ओळखीचं आत हलेल असं त्याला वाटलं होतं. काही हलेना. मग त्याच्या लक्षात आलं, की हलणार कसं? एकही शेवट न वाचलेल्या माणसाला शेवट ओळखू येण्याचा संबंधच काय? हे वाक्य कुठलंही असू शकत होतं. नवव्या विहिरीपलीकडेही किनारा होताच, आठ खंड सगळे त्या किनाऱ्याकडेच निघाले होते.

त्याने प्लास्टिक फाडलं. आवाज फार मोठा झाला. खोलीच्या दारात पाले येऊन उभा राहिला होता. त्याने तोंडावर हात ठेवला. एस्बेनने नववा खंड मागून उघडला आणि शेवटचं पान वाचलं. कोण मेलं, कोण राजा झालं, विहिरी का आटल्या, सगळं दीड मिनिटात कळलं. दिवा कुठेच नव्हता.

"हे नाही," तो म्हणाला.

"अरेरे," सिग्ने म्हणाली. "चांगला होता का शेवट?"

"ठीक होता."

आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी एस्बेन बुधवारवाल्यांकडे गेला. कॉफी खरोखरच चांगली होती. त्याचं त्याला जास्त वाईट वाटलं. त्याने वाक्य म्हटलं आणि प्रेबेनने कप खाली न ठेवताच सांगितलं, "'तिसरा नावाडी'. पान एकशे अठ्ठेचाळीस. मंगळवारवाल्यांना एवढंही येत नाही?"

"पुस्तक कसं आहे?"

"शेवट उत्तम. बाकीचं मी वाचलेलं नाही."

एक प्रत होती, दुसऱ्या गावच्या गोदामात. वाचनालयाच्या पेटीतून ती शुक्रवारी आली; राखाडी सरकारी पुठ्ठा, वर फक्त नाव. एकटीने वाचायचा धीर होईना म्हणून सिग्नेने एस्बेनला वृद्धाश्रमात बोलावलं. होल्गर खिडकीशी पलंगावर उशांना टेकून बसले होते. अंगाने मोठा माणूस, अर्धा चेहरा झोपलेला.

"बाबा, हा एस्बेन. यानेच शोधलं."

होल्गरनी एस्बेनकडे पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "आणि पलीकडच्या किनाऱ्यावर कुणीतरी दिवा लावला."

"मलाही आनंद झाला," एस्बेन म्हणाला.

सिग्ने वाचू लागली. पहिल्या ओळीलाच म्हाताऱ्याने मान तिच्याकडे वळवली. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अर्धं झालं, शनिवारी सकाळी पुन्हा सुरू केलं. पुस्तकात बोकड होता. चरत नव्हता, बोलत नव्हता, होडीत नुसता उभा होता. नर्स औषध घेऊन आली तर होल्गरनी तिला हातानेच गप्प केलं. दोन दिवसांत ते वाक्य त्यांनी एकदाही म्हटलं नाही. सिग्नेचा आवाज बसला, पण तिचा चेहरा असा झाला होता, जणू दाढदुखी थांबलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा. एस्बेनला वाटलं, नवव्या खंडाची किंमत वसूल झाली.

"आणि पलीकडच्या किनाऱ्यावर," सिग्नेने शेवटचं वाचलं, "कुणीतरी दिवा लावला."

ती पुस्तक मिटू लागताच होल्गरनी डाव्या हाताने ते अडवलं. अंगठ्याने धडपडत शेवटचं पान उलटलं. पानामागे, अगदी तळाला, बारीक अक्षरांत एक ओळ होती. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि मुलीकडे पाहिलं.

पहिला भाग समाप्त. दुसरा भाग येत्या वसंतात.

सिग्नेने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही एवढे दिवस..." होल्गरनी ओळीवर बोट पुन्हा आपटलं. चहा नको होता, पाठ दुखत नव्हती. पुढे काय झालं, एवढंच ते तीन महिने सगळ्यांना विचारत होते.

एस्बेन व्हरांड्यात गेला आणि त्याने प्रेबेनला फोन लावला.

"दुसरा भाग?" प्रेबेन म्हणाला. "निघालाच नाही. लेखक कोंबड्या पाळायला गेला, आणि मग वारला."

"मग बुधवारी बोलला का नाहीस?"

"तू शेवट विचारलास. शेवट मी सांगितला."

एस्बेन परत आला. सिग्नेने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती वडिलांकडे वळून घाईघाईने म्हणाली, "आहे, बाबा. आहे दुसरा भाग. मागवलाय. हो ना रे, एस्बेन?"

"हो," एस्बेन म्हणाला.

होल्गर हसले. हसणं अर्ध्याच चेहऱ्यावर आलं, पण ते हसणंच होतं, त्यात चूक होण्यासारखं काही नव्हतं. मग त्यांनी डावा हात वर केला आणि एस्बेनकडे बघत एक बोट काढलं. भुवई वर. एक दिवस?

एस्बेनने हातातला फोन खिशात ठेवला.

दोन बोटं. दोन दिवस?

सिग्ने खिडकीबाहेर बघायला लागली. होल्गरनी तिसरं बोट काढलं, थोडं थांबून चौथं. दर वेळी भुवई तशीच वर जात होती, अजिबात न चिडता, रोज तिकिटं फाडणाऱ्या माणसाच्या सवयीने. एस्बेनला मान कुठे हलवावी ते कळेना. कुठेही हलवली असती तरी चाललं असतं. मान काही हलेना.

पाचवं बोट निघालं. सहावं काढायला हात उरला नव्हता. होल्गरनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, तो पांघरुणावर पडून होता, आणि मग पुन्हा एस्बेनकडे. उघडा पंजा तसाच हवेत राहिला.