टटलची साक्ष

डकोटाच्या त्या मैदानात कुणी कुणाला मागचं विचारत नसे. सरकार एकशे साठ एकर देतंय. पाच वर्षं राहा, नांगरा, जमीन तुमची. एवढं कारण सगळ्यांना पुरत असे. लोव्हिना प्रॅटनंही तेच सांगितलं होतं. अर्जात मात्र तिनं ‘विधवा’ असं लिहिलं होतं, कारण नवरा असलेल्या बाईला अशी जमीन मिळत नसे. नवरा, ईलाय, तिकडे विस्कॉन्सिनात ठणठणीत होता. त्याच्या माराला कंटाळून ती पळून आली होती आणि माहेरचं आडनाव लावून राहत होती.

तीन वर्षं सुरळीत गेली. मग शेजारच्या मोकळ्या जमिनीवर ऑरिन टटल येऊन राहिला आणि तिच्या जिवाला घोर लागला.

माणूस कामसू, पण चौकशा फार.

“प्रॅटबाई, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“पूर्वेकडच्या.”

“पूर्व केवढी तरी मोठी आहे हो!”

“मग बसा शोधत.”

एकदा ती ओढ्यावरून पाणी घेऊन आली, तर टटल तिच्या मातीच्या घराच्या दारातून आतल्या ट्रंकेकडे टक लावून बघत होता.

“झाकणावरचं नाव कुणी खरवडलं?”

“उंदरांनी.”

“शिकलेले दिसतात उंदीर,” तो म्हणाला आणि तिची कुदळ उसनी घेऊन निघून गेला.

तेव्हापासून तिनं त्याच्याकडे जाणंयेणं तोडलं. दोन महिन्यांनी ती गावात पीठ आणायला गेली. दुकानातच टपाल चाले. टटल नुकताच पत्र टाकून गेला होता. दुकानदार पत्ता पुटपुटत पत्र पिशवीत घालत होता : ईलाय क्रँडल, विस्कॉन्सिन. लोव्हिना पीठ न घेताच घरी परतली.

दुसऱ्या सकाळी टटल कुदळ परत द्यायला आला, तेव्हा ती बंदूक रोखून उभी होती.

“तिथंच थांबा. तुम्हाला ईलायनं पाठवलंय.”

टटलनं कुदळ हळूच खाली ठेवली. “हो. तिकीट काढून दिलं त्यानं. बायको शोधून दे म्हणाला.”

“आणि सापडली म्हणून कळवलंत!”

“सापडली पहिल्याच आठवड्यात. पण तोवर ही जमीन बघितली होती ना मी. तिकडे जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलो. इथं नुसता अर्ज केला की झालं. मग कोण जातंय परत? बायको इथं नाही, मोंटानाकडे गेली असं ऐकतो, हेच लिहिलं काल.”

“दोन महिने लागले एवढं लिहायला?”

“त्याचं तिकीट खाल्लं होतं, बाई. मन खात होतं.”

“आणि उद्या आपलं बिनसलं, की खरं लिहाल.”

“बिनसलं तर भांडू. शेजारी भांडतातच की.”

तिचा विश्वास बसला नाही. तो सगळा उन्हाळा ती रस्त्याकडे डोळे लावून होती. लांबवर धूळ उठली की बंदूक जवळ घेई. ईलाय आला नाही. पुढच्या वर्षीही आला नाही. संशय मात्र जागचा हलला नाही.

तिची पाच वर्षं भरली. जमीन नावावर व्हायला दोन शेजाऱ्यांची साक्ष हवी होती. ओढ्यापलीकडचा म्हातारा हाल्वर तयार होता. जवळ राहणारा दुसरा माणूस म्हणजे टटलच. नाइलाजानं तिनं त्याला विचारलं. तो लगेच हो म्हणाला, तशी ती आणखीच धास्तावली.

जमिनीच्या कचेरीत कारकुनानं टटलला विचारलं, “या बाईंना नवरा आहे?”



टटलनं हनुवटी खाजवली. “दोन वर्षं शेजारी राहतोय, साहेब. घरात पुरुषमाणूस कधी पाहिला नाही.”

कारकुनानं तसंच लिहून घेतलं आणि तिच्या नावाचा दाखला पुढं सरकवला.

बाहेर येताच तिनं त्याला गाठलं. “का केलंत हे? खरं सांगा.”

“तीन वर्षांनी माझी पाच भरतील. मला साक्षीदार नकोत? या माळावर आहे कोण दुसरं!”

 दोन वर्षांत त्याची ही पहिलीच गोष्ट लोव्हिनाला पटली.

“चला,” ती म्हणाली, “गाडीत जागा आहे.”