अनुपमाच्या नावाची टाइल

चंद्रप्रकाशबुवांची मानसी ऑस्ट्रियाला गेली त्याला चार आठवडे झाले होते. सिव्हिल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातून कॉलेजातली दोन मुलं निवडली गेली, त्यातली एक ही. सहा आठवड्यांचा उन्हाळी अभ्यासक्रम. विषय डोंगरउतार आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या भिंती. घाटकोपरच्या टेकडीवर जन्मलेल्या पोरीला डोंगर शिकायला इतक्या लांब जावं लागतं, याची वस्तीत थोडी थट्टा झालीच. शेजारच्या सोनूबाई तर म्हणाल्या होत्या, "उन्हाळी खंयचा गो? श्रावण इलो!"

श्रावणातला सप्ताह त्या दिवशी संपत होता. संध्याकाळी पाचला समारोपाचं कीर्तन, बुवांचंच. दुपारी दोनच्या सुमाराला मानसीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा बुवा विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात झेंडूच्या माळा सोडवत बसले होते. त्यांनी हौसेने फोन फिरवून लेकीला सगळी सजावट दाखवली. रखुमाईची नवी पैठणी दाखवली, तोरण दाखवलं, मंडपामागची टाइल्सची भिंत दाखवली.

"बाबा, थांब. परत मागे घे फोन."

"पैठणी बघायचीय?"

"भिंत बघायचीय. त्या मधल्या टाइल्स पुढे आल्यात का रे?"

बुवांनी डोळे बारीक करून पाहिलं. दोन पुरुष उंचीची ती भिंत वरच्या गल्लीला पेलून होती. वर अकरा घरं. भिंतीच्या लांबीच्या मध्यावर, कमरेच्या उंचीपेक्षा थोडं खाली, टाइल्स पोटासारख्या किंचित फुगलेल्या दिसत होत्या. सप्ताहभर ते रोज तिथे वावरत होते, पण नजर गेली नव्हती.

"बोटाने वाजव."

त्यांनी वाजवलं. कडेच्या टाइल्स टणटण बोलल्या. मधल्या मात्र बद्द, ओल्या मडक्यासारख्या.

मानसी हळू आवाजात सांगू लागली. परवा सरांनी त्यांना एका गावाच्या वरच्या भिंतीपाशी नेलं होतं. भिंतीत ओळीने पाइप, प्रत्येकातून पाणी ठिबकत होतं. सर म्हणाले, पावसात भिंत गळते तोवर गाव निवांत झोपतं. गळायची थांबली की गाव रिकामं करतात. कारण पाणी जातं कुठे? मागच्या मातीत साठतं आणि भिंतीला ढकलत राहतं.

"बाबा, आपली भिंत गळत नाही ना आता?"

"तीन वर्षं थेंब नाही," बुवा म्हणाले. एरवी हे वाक्य ते अभिमानाने म्हणत.

"मला तिथे भीमराजकाका आठवले बघ. टाइल्स लावताना ते हेच सांगत होते. आज त्या भिंतीखाली कुणाला बसवू नकोस. माझी शपथ."

आता ही टाइल्सची गोष्ट सांगायला हवी. बुवांची बायको अनुपमा दर पावसाळ्यात पहाटे मंदिरात यायची. भिंतीतल्या भोकांतून आलेलं काळं पाणी मंडपभर पसरलेलं असायचं. गुडघ्यांवर बसून, गोणपाटाने ते ती टिपून काढायची, चारचार बादल्या. ती गेल्यावर बुवांनी ठरवलं की यापुढे कुणा बाईला देवाच्या दारात गुडघे झिजवावे लागू नयेत. भिंतीला टाइल्स लावायच्या, भोकं बंद करायची. मधोमध तिच्या नावाची टाइल.

काम केलं खालच्या आळीतल्या भीमराज गवंड्याने. जालन्याकडचा माणूस, बुद्धविहाराच्या मागे राहणारा. मंदिरात हात जोडायला कधी आला नाही, पण अनुपमावहिनींचं काम म्हणून मजुरी घेतली नाही. त्याने एकदा नव्हे तीनदा सांगितलं, "बुवा, टाइल्स लावतो, पण भोकं ठेवू द्या." बुवांनी ऐकलं नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्या आठवड्याच्या कीर्तनात, गादीवर उभं राहून, ओघात बोलून गेले, "काही लोकांना देवाच्या भिंतीतसुद्धा भोकंच दिसतात!" मंडप खदखदून हसला. हात धुऊन पायरीशी उभा असलेला भीमराजही हसला, थापी पिशवीत टाकली आणि गेला. त्यानंतर चहाच्या टपरीवर तो बुवांना नमस्कार करी, पण मंदिराची पायरी चढला नाही.

फोन ठेवून बुवा मंदिर मंडळाचा सेक्रेटरी सुयोग याच्याकडे गेले. तो महाप्रसादाच्या टोपांपाशी घामाघूम उभा होता.

"बुवा, आज? आज सांगताय हे?" सुयोगने कपाळावर हात मारला. "दोनशे माणसांचा मसालेभात चढलाय. मानसी हुशार आहे, कोण नाही म्हणतंय? पण शिकायला गेलीय ना ती, अजून इंजिनीअर झाली नाहीये. आणि फोनवरून भिंत कशी कळते यार? उद्या सकाळी वॉर्ड ऑफिसला कळवू. आजचं पार पडू द्या."

बुवांना ते पटलं असं नाही. पटवून घ्यायला मात्र बरं वाटलं. भिंत उघडायची म्हणजे ती मधली टाइल फुटणार होती. उद्यावर गेलं तर एक दिवस तरी ती तिथे राहील.

पाच वाजता मंडप भरला. बुवा फेटा बांधून, हातात चिपळ्या घेऊन गादीवर उभे राहिले. पेटीवर सिद्धेश, तबल्यावर त्याचा भाऊ. नमन झालं, अभंग झाला, निरूपण सुरू झालं. देव कुणाच्या मुखाने बोलेल सांगता येत नाही, असा त्या दिवशीचा विषय. बुवांनीच आठवड्यापूर्वी निवडलेला. शब्द नेहमीसारखे येत होते. पण तबल्याच्या प्रत्येक समेला त्यांच्या कानात ती बद्द आवाजाची टाइल वाजत होती.

आणि मग त्यांची नजर सोनूबाईंवर गेली. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी, पाठीला गार लागतं म्हणून नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून बसलेली. डोकं बरोबर अनुपमाच्या नावाखाली. मांडीवर नातवाची पोर झोपलेली.

पूर्वरंग संपला. रिवाजाप्रमाणे इथे बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, घोटभर पाणी देतात आणि मग उत्तररंगाचं आख्यान रंगतं. सुयोगने हार घातला. बुवांनी पाणी घेतलं नाही.

"मंडळी," ते म्हणाले, "पेटी थांबव रे सिद्धेश. मंडळी, या गादीवरून मी तीन वर्षांपूर्वी एका जाणत्या माणसाची टिंगल केली. तो खरं बोलत होता. आज माझ्या लेकीने तेच सांगितलं आणि मी ते दुपारपासून पोटात दाबून ठेवलं. ही भिंत मागून पाण्याने भरलीय. सगळ्यांनी उठा. घाई नको, पण एक क्षणही थांबू नका. पोरांना उचला, शाळेच्या हॉलमध्ये जा. सुयोग, वरच्या अकरा घरांतली माणसं बाहेर काढ. वॉर्ड ऑफिसला आत्ता फोन लाव."

कुजबुज झाली. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "बुवा, उत्तररंग?"

"माणसं राहिली तर उत्तररंग."

सोनूबाई पोरीला सावरत पुटपुटल्या, "खंय उठवतास माका? आत्ताच तर टेकलंय." बुवा गादीवरून उतरले, त्यांना हाताला धरून उठवलं आणि दारापर्यंत पोचवलं. मग गळ्यात हार तसाच ठेवून, अनवाणी पायऱ्या उतरत विहारामागच्या खोलीपाशी गेले.

भीमराज बायकोला, माधुरीला, कांदे निवडून देत होता. बुवांना पाहून उठला. बुवांनी गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घालायला हात उचलले. गादीवरचा हार बुवा दुसऱ्याला घालत नाहीत. भीमराजला ते ठाऊक नसावं, पण त्याने त्यांचे हात मधेच धरले.

"राहू द्या बुवा. काय झालं?"

"भिंत फुगलीय. मानसीचा फोन होता. तू म्हणाला होतास तेच म्हणाली."

"मी म्हणालो ते इथलं होतं," भीमराज म्हणाला, "परदेशातून आलं तेव्हा पोचलं." मग माधुरीकडे वळून, "छिन्नी दे गं. मोठा हातोडा पण."

मंडप रिकामा झाला होता. बुवांनी फोन लावून दिला. मानसी तिकडून सांगू लागली, "काका, समोर उभं राहू नका, बाजूने…"

"बाजूने, खालच्या रांगेपासून, कडेच्या भोकाकडून मध्याकडे," भीमराजने तिचं वाक्य पुरं केलं. "माहीत आहे पोरी. तू बघत राहा, चुकलो तर बोल."

"एवढ्या टाइल्सखाली भोकं कळणार कशी?" बुवांनी विचारलं.

भीमराजने वीत मोजत एका टाइलवर छिन्नी टेकवली. "सिमेंट नाही भरलं मी आत. चिंध्या कोंबल्यात. तुम्ही बंद करा म्हणालात, केली. पण कधीतरी कुणी उघडायला येईल, म्हणून जागा लक्षात ठेवल्या."

पहिली टाइल फुटली. चिंधी ओढताच काळं पाणी भळभळा आलं आणि मंडपाच्या फरशीवर पसरलं. दुसरं भोक उघडलं, तिसरं उघडलं. पाचव्यापाशी भीमराज थांबला. त्या भोकावरच्या टाइलवर अनुपमाचं नाव होतं. त्याने हातोडा बुवांपुढे धरला आणि मान दुसरीकडे वळवली.

बुवा त्या टाइलच्या बाजूला अंग चोरून उभे राहिले. फोनमधून मानसी पाहत होती. त्यांनी दोन घाव घातले. पहिल्याने नाव दुभंगलं, दुसऱ्याने खाली आलं. आतलं पाणी इतक्या जोराने उसळलं की त्यांचं धोतर कमरेपर्यंत भिजलं. अनुपमा वाकायची तसे ते कोपऱ्यातलं गोणपाट घ्यायला वाकले.

"नको बुवा," भीमराज म्हणाला. "वाहू द्या त्याला."

ते गोणपाट हातात धरून तसेच उभे राहिले. पाणी मंडपातून, पायऱ्यांवरून, गटाराकडे वाहत राहिलं. तासाभराने वॉर्ड ऑफिसचा माणूस आला, भिंत पाहून गेला. वरची घरं आठवडाभर रिकामी ठेवा आणि भिंत नव्याने बांधून घ्या म्हणाला. मानसी अजून फोनवरच होती.

"बाबा, पाणी गढूळ येतंय की स्वच्छ? नीट बघून सांग. गढूळ असेल तर माती येतेय."

बुवांनी ओंजळ पुढे केली. मंडपातल्या दिव्याखाली नेऊन पाहिली. तळहाताच्या रेषा दिसत होत्या.

"नितळ आहे गं," ते म्हणाले, आणि ओल्या हातांनीच डोळे पुसले.

खाली शाळेच्या हॉलमध्ये मंडळी मसालेभात खाऊन थांबली होती. बुवा ओल्या धोतराने तसेच उत्तररंगाला उभे राहिले. हार कुठेतरी भिंतीपाशीच राहिला होता. दारापाशी, छिन्नीची पिशवी पायाशी ठेवून, भीमराज शेवटपर्यंत उभा होता.