डाव्या कोपऱ्यातला पास

"अगं बाई, कुणाला दिलात हो ताई!" बाकावरून तिघी एकदम ओरडल्या आणि टपालताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

सामना सुरू होऊन पुरती तीन मिनिटंही झाली नव्हती. गेली अकरा वर्षं टाकत आल्या तसाच त्यांनी बॉल न बघता डाव्या कोपऱ्यात टाकला होता. तिथे त्यांची जुनी जोडीदारीण शिडी उभी होती खरी, पण दुसऱ्या हॉस्पिटलच्या निळ्या बनियनमध्ये! गंमत म्हणजे शिडीनेही तो अलगद झेलला आणि जी बास्केट आता राखायची, तिच्यावरच नेम धरला. तिची नवी कप्तान किंचाळली तेव्हा कुठे बाईसाहेब भानावर आल्या. दोघींची नजरानजर झाली आणि दोघीही फिस्सकन हसल्या.

टपालताई हॉस्पिटलच्या कपडेखोलीत कामाला होत्या. चादरींच्या घड्या घालायच्या आणि ज्या त्या वॉर्डला पोचवायच्या. खेळातही तेच, बॉल घ्यायचा आणि शिडीला पोचवायचा, म्हणून टपाल. शिडी नर्स, उंचीने दाराच्या चौकटीला टेकणारी. एकेका सामन्यात तीस-तीस गुण एकटी करायची. दोन महिन्यांपूर्वी ती वरच्या जागेवर दुसरीकडे गेली आणि मेट्रनबाईंनी निकाल लावला: "तुमचा एकखांबी तंबू. खांबच गेला. पुढचा सामना हरलात तर टीम बंद, मैदानात गाड्या लावू."

ताई रोज संध्याकाळी तासभर मैदानावर असायच्या. संध्याकाळचा तो एक तास काढून घेतला तर उरणार काय? चादरी, आणि सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा.

मध्यंतरात त्यांनी गुणफलक पाहिला आणि चक्रावल्या. शिडीचे जेमतेम चार गुण! उंची तीच, नेम तोच, मग घोडं पेंड खातंय कुठे? त्यांना राहवेना. त्यांनी तिला नळावर गाठलं.

"काय गं, हात दुखतोय का?"

"हात कसला दुखतोय! बॉल मिळेल तर ना. सगळ्या म्हणतात, तू आहेस की, बघ तूच. आणि टाकतात कुठे, तर पायाशी. तुमच्यासारखा छातीशी कोण देणार, ताई?"

ताई ओंजळीतलं पाणी प्यायचंच विसरल्या. अकरा वर्षं त्या स्वतःला वेल समजत होत्या आणि हिला झाड. मग आज हे झाड का वाकलं?

शेवटच्या मिनिटाला त्यांची टीम एका गुणाने मागे होती. बॉल ताईंकडे आला. हात आपसूक डावीकडे वळले आणि बघतात तर काय, शिडी त्याच कोपऱ्यात, दोन्ही हात पुढे करून उभी! बास्केट राखायची सोडून. तिची कप्तान घसा फोडत होती, पण हिला पत्ताच नाही. बास्केटसमोर चिटपाखरू नव्हतं.

टाकून तर बघू, काय होतंय, असं मनाशी म्हणत ताईंनी बॉल वर फेकला. तो कड्यावर दोनदा नाचला आणि आत पडला. तेवढ्यात सामना संपल्याची शिट्टी वाजली.

"नऊ नंबर? तुम्हीच ना?" गुण लिहिणाऱ्या औषधवाल्या काकांनी दोनदा विचारलं. नऊ नंबरपुढे गुण लिहायची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

पोरींनी ताईंना उचलायचंच बाकी ठेवलं. त्या घोळक्यातून शिडी आत घुसली.

"ताई, टाकता येतो की तुम्हाला! मग इतकी वर्षं का नाही टाकलात?"

"तू होतीस ना गं."

शिडीने पिशवी उचलली. जुन्या सवयीने ती ताईंच्याच टीमच्या खोलीकडे निघाली आणि दारात थबकली. बाहेर तिच्या टीमची गाडी हॉर्न देत होती. ताईंनी तिच्या खांद्यावरची पिशवी आपल्या हातात घेतली.

"चल, पोचवते तुला."

गाडीपाशी त्यांनी पिशवी नव्या कप्तानच्या हातात दिली. तिचा चेहरा अजून रागाने लाल होता.

"चिडू नकोस गं तिच्यावर," ताई म्हणाल्या. "हिला बॉल छातीशी द्यायचा. डाव्या कोपऱ्यात."